आधी भरा, मग मिळतील

मे महिना संपत आला की आमच्या स्टाफरूममध्ये एक वही फिरायला लागते. साधी दोनशे पानी वही. डावीकडे गावांची नावं, उजवीकडे शिक्षकांच्या जोड्या. बारावीचा निकाल लागलेला असतो, आजूबाजूच्या ज्युनिअर कॉलेजांतून किती पोरं पास झाली त्याच्या याद्या कुणीतरी ओळखीतून मिळवलेल्या असतात, आणि मग आम्ही नेट-सेट, पीएचडी वगैरे झालेली माणसं पत्रकांचे गठ्ठे पिशवीत टाकून टू-व्हीलरवर निघतो. पोरं शोधायला. परिपत्रकात ह्याला काहीतरी भारदस्त अभियान वगैरे म्हणतात. आम्ही आपसात 'गोळा करायला जाणं' म्हणतो.

मी भूगोल शिकवते. सार्वजनिक विद्यापीठाला जोडलेलं, तालुक्याच्या गावाचं अनुदानित कॉलेज. नाव सांगत नाही, कारण पुढे जे लिहिणार आहे ते कुठल्याही तालुक्याच्या कॉलेजबद्दल खरंच आहे आणि उगाच आमच्याच संस्थेला का कोंडीत पकडायचं.

पहिल्या वर्षी फिरायला गेले तेव्हा मला भयंकर अपमान वाटला होता. भर उन्हात कुणाच्या तरी अंगणात उभं राहून 'आमच्याकडे प्रशस्त ग्रंथालय आहे' असं सांगायचं, आणि समोरची बाई हातातलं काम न थांबवता ऐकतीये, म्हणजे ऐकतीये की नाही तेही कळत नाही. घरी येऊन रडले होते जरा. मग आमच्या विभागातल्या सिनिअर सरांनी दुसऱ्या दिवशी शांतपणे कागदावर आकडेमोड करून दाखवली. एका असिस्टंट प्रोफेसरला आठवड्याला सोळा तासांचं शिकवणं लागतं. एफवायला, म्हणजे पहिल्या वर्षाला, मुलं कमी झाली की तुकडी जाते, तुकडी गेली की तास गेले, तास गेले की आधी सीएचबीवाले, म्हणजे तासावर पैसे मिळणारे शिक्षक, जातात, मग पर्मनंटमधला शेवटचा माणूस 'अतिरिक्त' होतो. शेवटचा माणूस म्हणजे कोण, हे त्यांनी सांगितलं नाही, नुसतं माझ्याकडे बघितलं. तेव्हापासून मी तक्रार न करता वहीत नाव लिहिते.

सीएचबीचं मात्र लिहायलाच पाहिजे. तासिका तत्त्वावरची ही मुलं-मुली आमच्यापेक्षा जास्त गावं फिरतात, कारण त्यांचं पुढच्या वर्षीचं पोट थेट त्या यादीवर असतं, आणि मे-जूनचे पैसे त्यांना मिळत नाहीत कारण तेव्हा तास नसतात. म्हणजे ज्या महिन्यात ते कॉलेजसाठी सगळ्यात जास्त राबतात त्या महिन्यात ते कॉलेजच्या हिशोबात नसतातच. असो. तो वेगळा लेख होईल.

गंमत अशी आहे की एकीकडे पेपरात वाचावं तर उच्च शिक्षणातली संख्या वाढतेच आहे. २०२१-२२ च्या केंद्र सरकारच्या सर्वेक्षणात देशभरातली विद्यार्थीसंख्या ४.३३ कोटींच्या आसपास होती, त्यातल्या जवळपास निम्म्या मुली, आणि राज्यांच्या यादीत उत्तर प्रदेशाखालोखाल आपला महाराष्ट्र. १८ ते २३ वयोगटातल्या शंभरातली २८ पोरं कुठे ना कुठे शिकतायत, आणि नवीन शैक्षणिक धोरणाला २०३५ पर्यंत हा आकडा ५० वर न्यायचाय. सभागृहात प्रोजेक्टरवर हा आलेख वर-वर जाताना दाखवतात, चहा होतो, आणि आम्ही वर्गात येऊन बघतो तर मागचे चार बाक रिकामे.

मग ही पोरं जातात कुठे? काही इंजिनीअरिंग, फार्मसी, नर्सिंगला जातात, ते ठीक. काही शहरात जातात. काही बीबीए-बीसीएला जायची, पण २०२४ पासून त्याला सीईटी लागली, पहिल्या परीक्षेची बातमी अर्ध्या पोरांपर्यंत पोचलीच नाही, जागा एवढ्या रिकाम्या दिसायला लागल्या की त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पुन्हा एक परीक्षा घ्यावी लागली, आणि काही कॉलेजांनी तर सीईटी नको म्हणून कोर्सची नावंच बदलून टाकली. आणि बरीच पोरं कुठेच जात नाहीत. ती गावातच असतात. कुणी टेम्पोवर, कुणी पोल्ट्रीवर, कुणी भरतीची तयारी करतोय म्हणून सकाळी रस्त्याने पळतो आणि दुपारी मोबाईल बघतो. मुलींचं तर विचारूच नका. मुली 'घरी' असतात. ह्या एका शब्दात सगळं येतं.

आणि इथे एक सांगायला हवं, कारण विद्यापीठ म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर दगडी इमारत आणि घड्याळाचा मनोरा येतो. मुंबई विद्यापीठ १८५७ चं, पुण्याचं १९४९ चं, कोल्हापूरचं शिवाजी विद्यापीठ १९६२ चं, गडचिरोलीचं गोंडवाना तर अगदी अलीकडचं, २०११ चं. पण २०१६ च्या कायद्याने ज्यांना 'सार्वजनिक विद्यापीठ' म्हणतात त्यांची बहुतेक पोरं ह्या आवारांत नसतातच, ती आमच्यासारख्या संलग्न कॉलेजांत असतात, जिथे मनोरा सोडा, भिंतीवरचं घड्याळ दोन वर्षं बंद आहे. विद्यापीठाची संख्या वाढली म्हणजे आमच्या वहीतल्या गावांतून पोरं आली. नाही आली तर कमी झाली. इतकं ते सरळ आहे.

तर मुद्दा हा की दारात उभं राहिल्यावर लोक काय विचारतात.

पंधरा वर्षांत मला एकाही आईबापाने नॅकचा, म्हणजे कॉलेजच्या दर्जाच्या मूल्यांकनाचा, ग्रेड विचारला नाही. आम्ही तो पत्रकावर सगळ्यात वर, लाल अक्षरात छापतो. विचारतात ते असं: गाडी किती वाजता आहे. संध्याकाळी शेवटची गाडी कधी. प्रॅक्टिकल असलं की उशीर होतो का. कॉलेजात मुली किती आहेत. आणि मग, सगळ्यात शेवटी, आवाज जरा खाली आणून, 'आता किती भरावे लागतील?'

ह्यातला 'आता' फार महत्त्वाचा आहे. तो माझ्या लक्षात यायला मला बरीच वर्षं लागली. ते 'फी किती' असं विचारत नाहीत, 'आता किती' असं विचारतात. आणि आम्ही सगळे त्याला जे उत्तर देतो ते चुकीच्या प्रश्नाचं असतं. आम्ही म्हणतो, 'ताई काळजी करू नका, स्कॉलरशिप मिळते, सगळे पैसे परत येतात.' ती मान हलवते. आम्हाला वाटतं पटलं. तिने ऐकलेलं असतं एवढंच की आता भरायचेत.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट सांगते. एका वस्तीवर गेलो होतो, मी आणि आमच्या मराठीच्या मॅडम. मुलीला बारावी सायन्सला चांगले मार्क होते. आई म्हणाली, 'मुलींची फी सरकारनं माफ केली ना मॅडम, टीव्हीवर सांगत होते.' आता तिचं बरोबरच होतं आणि चूकही होतं. ८ जुलै २०२४ चा जीआर आहे, आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या ओबीसी, ईडब्ल्यूएस, एसईबीसी मुलींना शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ, पण ते व्यावसायिक अभ्यासक्रमांना, केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून आलेल्यांना. साध्या बीएस्सीला तो लागू नाही. साध्या बीएस्सीला अनुदानित तुकडीत शिक्षण शुल्क तसंही नावालाच असतं, बाकीच्याच फिया जास्त असतात, जिमखाना, लॅब, वैद्यकीय तपासणी आणि अजून काय काय, पावतीवर एवढ्या ओळी असतात की वाचता वाचता थकायला होतं. हे सगळं मी त्या माउलीला समजावून सांगितलं. पाच-सात मिनिटं बोलले असेन. तिने शेवटी काय विचारलं? 'म्हणजे माफ नाही.'

आणि खरं सांगायचं तर त्या घरात अडचण फीची नव्हतीच. मुलींना बारावीपर्यंत एसटीचा पास फुकट असतो, अहिल्याबाई होळकर योजनेत. तेरावीला तो संपतो. मग विद्यार्थी सवलतीचा पास काढायचा, सवलत चांगली आहे, दोन तृतीयांश माफ असतं भाड्यातलं, पण शून्याचा काहीतरी आकडा झाला ना. जी गोष्ट कालपर्यंत मागावी लागत नव्हती ती आता दर महिन्याला बापाकडे हात पसरून मागायची. अठरा वर्षांची पोरगी ते दोन महिने मागते, तिसऱ्या महिन्यात 'मला नाही आवडत कॉलेज' म्हणते. आम्ही रजिस्टरमध्ये लिहितो, विद्यार्थिनी अनियमित.

ती मुलगी त्या वर्षी नाही आली.

आता 'परत येतात' ह्या शब्दांकडे बघू. म्हणजे स्कॉलरशिप नेमकी कशी परत येते ते.

आधी उत्पन्नाचा दाखला. तो तहसीलचा लागतो, सेतूमध्ये नाहीतर आपले सरकार केंद्रात अर्ज करायचा, तलाठ्याचा अहवाल, मग दाखला. जातीचा दाखला, काहींना नॉन-क्रीमी लेयर, काहींना जात पडताळणीची व्हॅलिडिटी, मध्ये एक वर्ष गेलं असेल तर गॅपचं प्रतिज्ञापत्र. मग महाडीबीटी, म्हणजे शिष्यवृत्तीचं सरकारी पोर्टल. प्रोफाइल भरायचं, कागद स्कॅन करून चढवायचे, ठरलेल्या साइजपेक्षा मोठी फाइल घेत नाही, छोटी केली की वाचता येत नाही. मग आमच्या क्लार्कच्या लॉगिनला जातं, तिथून प्राचार्यांच्या, तिथून समाजकल्याण किंवा जे कुठलं खातं असेल त्यांच्याकडे. मधेच कुठेतरी अर्ज 'सेंट बॅक' होतो, म्हणजे दुरुस्तीसाठी परत येतो. पोराला मेसेज जातो, पण नंबर असतो मामाचा, कारण अर्ज भरला तेव्हा ह्याच्याकडे रिचार्ज नव्हता. मामाला काय कळतंय सेंट बॅक म्हणजे काय. मुदत संपते.

समजा सगळं सुरळीत झालं. मग पैसे आधारला जोडलेल्या खात्यात येतात. कुठल्या? पोराला वाटतं कॉलेजात दिलेल्या पासबुकच्या. येतात भलत्याच खात्यात, कारण कधीतरी मोबाईलचं सिम घेताना कुणीतरी अंगठा घेऊन पेमेंट बँकेचं खातं उघडून ठेवलेलं असतं आणि शेवटचं सीडिंग, म्हणजे आधारची जोडणी, तिथलं असतं. आमच्याकडे एक पोरगा वर्षभर 'माझी स्कॉलरशिप नाही आली' म्हणून स्कॉलरशिपच्या खिडकीवर भांडत होता, क्लार्क पण त्याच्यावर ओरडत होते, आणि पैसे त्याच्या स्वतःच्याच खात्यात पडून होते जे खातं आहे हेच त्याला माहीत नव्हतं. कळलं तेव्हा तो हसला, क्लार्कही हसले, मला मात्र नाही हसू आलं. वर्षभर तो दुपारचा डबा न आणता यायचा.

आणि ते २०२१ नंतरचं प्रकरण. अनुसूचित जातीच्या मुलांची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती, आपण जिला भारत सरकार शिष्यवृत्ती म्हणतो, ती तशी जुनी, मुळं पार १९४४ पर्यंत जातात. आता तिच्यात केंद्राचा वाटा ६० टक्के आणि राज्याचा ४०. आणि केंद्राचा वाटा, त्यातली कॉलेजची फीसुद्धा, थेट मुलाच्या खात्यात येते, त्याने ती सात दिवसांत कॉलेजला भरायची. कागदावर कल्पना चांगली आहे, मधले दलाल गेले, पोराच्या हातात हिशोब आला. पण जरा विचार करा, ज्या घराचं वर्षाचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत आहे त्या घरातल्या एका खात्यात अचानक काही हजार रुपये येऊन पडलेत, आईचं ऑपरेशन ठरलंय, किंवा बहिणीचं लग्न, किंवा नुसतं वाण्याचं उधार तुंबलंय. सात दिवस. माझ्या एका विद्यार्थ्याचे पैसे असेच गेले, आईच्या दवाखान्यात. नंतर टीसी न्यायला आला तर खिडकीवर सांगितलं आधी बाकी भरा. तो माझ्याकडे आला, मान खाली, आणि म्हणाला, 'मॅडम मी चोरी केल्यासारखं वाटतंय.' काय बोलणार? मी प्राचार्यांशी बोलले, हप्ते करून घेतले, टीसी मिळाली. पण त्याने ते वाक्य ज्या आवाजात म्हटलं तो आवाज काही माझ्या डोक्यातून जात नाही.

मला हे कळतं कारण मी त्यातूनच आलेय. आमच्या वेळी पोर्टल नव्हतं, नोटीस बोर्ड होता. टाइप केलेली यादी लागायची, नावापुढे टिकमार्क, सही करून चेक घ्यायचा. माझी बीएच्या दुसऱ्या वर्षाची स्कॉलरशिप मला तिसऱ्या वर्षाची परीक्षा झाल्यावर मिळाली. दरम्यान वडिलांनी ते पैसे शेजारच्याकडून व्याजाने घेतलेले, आणि चेक आला त्याच्यातून मुद्दल फिटलं, व्याज राहिलं. म्हणजे सरकारने फी दिली, पण फी उशिरा दिली त्याचं व्याज वडिलांनी भरलं. वडील कधी काही बोलले नाहीत. फक्त मी एमएला जाते म्हटलं तेव्हा ते बराच वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, 'ह्या वेळी तरी वेळेवर देतील का गं?'

वेळेवर. बापाचा प्रश्न एवढाच होता.

इतिहासातली माणसं आठवतात अशा वेळी. आंबेडकर जयंतीला दरवर्षी भाषणात बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी बाबासाहेबांना दिलेल्या शिष्यवृत्तीचा उल्लेख होतो, टाळ्या होतात. पण त्या शिष्यवृत्तीचा तपशील कुणी सांगत नाही आणि मला तोच महत्त्वाचा वाटतो. एल्फिन्स्टन कॉलेजात बीएला असताना बडोद्याकडून महिन्याला २५ रुपये. मग जून १९१३ मध्ये करार, कोलंबिया विद्यापीठात तीन वर्षं, दरमहा साडेअकरा पौंड, आणि परत आल्यावर बडोद्याची दहा वर्षं नोकरी. बघा, किती स्पष्ट आहे. किती, किती दिवस, आणि बदल्यात काय, हे सगळं बोटीवर चढायच्या आधी ठरलेलं. आधी न्यूयॉर्कला जा, स्वतःच्या पैशाने राहा, पावत्या जोडा, मग बघू, असं नव्हतं. पुढे बडोद्यात नोकरीत त्यांच्या वाट्याला जे आलं ते वेगळं आणि भयानक आहे, राहायला जागासुद्धा मिळाली नाही, पण शिष्यवृत्ती देणाऱ्याने निघायच्या आधी कागद केला होता हे खरं.

शाहू महाराजांचंही तसंच. कोल्हापुरात १९०१ पासून वसतिगृहं काढली, एकेका समाजाचं बोर्डिंग उभं राहत गेलं. खेड्यातला पोरगा शहरात आला की पहिल्या रात्री झोपणार कुठे आणि जेवणार काय, ह्या प्रश्नापासून त्यांनी सुरुवात केली. सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला १९१७ ला, पोर शाळेत पाठवलं नाही तर आईबापाला महिन्याला एक रुपया दंड. आता त्यांच्याच नावाने शिक्षण शुल्काची योजना आहे, आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या खुल्या प्रवर्गातल्या मुलांची निम्मी फी सरकार भरतं. चांगली योजना आहे, मी कितीतरी पोरांना तिचा फॉर्म भरायला लावलाय. फक्त, महाराजांच्या वेळी पोराने आधी जेवणाचे पैसे भरून मग पावती दरबारात जमा केली असती तर, असा एक आगाऊ विचार मनात येतो.

आणि कर्मवीर अण्णा, भाऊराव पाटील. आमच्या वहीचा मूळपुरुष म्हणा ना. रयत शिक्षण संस्था ४ ऑक्टोबर १९१९ ला कराडजवळच्या काले गावात सुरू केली, पण त्याच्याही आधीपासून आणि नंतरही हा माणूस गावोगाव पायी फिरून पोरं गोळा करत होता. पोर हुशार आहे का बघायचं आणि बापाला सांगायचं, माझ्याकडे दे. बाप म्हणायचा खर्च? तर खर्च मी बघतो. साताऱ्याच्या बोर्डिंगात सगळ्या जातींची पोरं एका पंगतीला, १९२७ मध्ये गांधीजी येऊन गेले तिथे. आणि धान्य संपलं तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी आधी दागिने आणि शेवटी मंगळसूत्रसुद्धा मोडलं. ही गोष्ट मी शाळेत इतक्यांदा ऐकली होती की ती मला गुळगुळीत झाली होती, नुसती पाठ. ती नव्याने कळली ती मी स्वतः दारोदार फिरायला लागल्यावर. अण्णांच्या हातात पत्रक नव्हतं. त्यांच्याकडे एकच वाक्य होतं आणि ते खरं करायला घरात मंगळसूत्र होतं. माझ्याकडे चार रंगांत छापलेलं पत्रक आहे, आणि 'आता किती' ला उत्तर नाही.

त्यांच्याच नावाने पुणे विद्यापीठाची कमवा व शिका योजना चालते, बाकी विद्यापीठांतही ती आहे. आमच्याकडे दरवर्षी काही मुलं त्यात असतात, ग्रंथालयात पुस्तकं लावतात, बागेला पाणी घालतात, ऑफिसात नोंदी करतात, तासावर पैसे. सुरुवातीला मुलं लाजतात. एक मुलगा तर वर्गातल्या मुली दिसल्या की झारी खाली ठेवून मोबाईलवर बोलायचं नाटक करायचा. मग हळूहळू निगरगट्ट होतात. मला ही योजना मनापासून आवडते आणि तिच्याबद्दल बोलताना मी जरा हळवीही होते, पण त्याचे पैसेसुद्धा महिन्याच्या महिन्याला हातात पडले तर तिचा अर्थ आहे. चार महिन्यांचे एकदम आले तर पोरगा मधले तीन महिने काय करणार? बाहेर कॅटरिंगला जाणार. वाढपी म्हणून. रात्री बाराला सुटणार आणि सकाळी माझ्या तासाला पेंगणार.

मध्यंतरी माझ्या भाच्याने मला एक अभ्यास वाचायला पाठवला, तो अर्थशास्त्राचा आहे. अमेरिकेतलं मिशिगन विद्यापीठ, सार्वजनिक, मोठं नावाजलेलं, पण गरीब घरातली हुशार मुलं तिथे अर्जच करत नव्हती. त्यांना वाटायचं हे आपल्यासाठी नाही. प्रत्यक्षात अशा मुलांना तिथे बहुतेक सगळी फी मदतीतून भागून जायचीच, पण ती कशी, तर आधी अर्ज, मग लांबलचक फॉर्म, मग छाननी, मग कळणार. तर २०१५ मध्ये संशोधकांनी आणि विद्यापीठाने काय केलं, राज्यातल्या काही निवडक हुशार गरीब मुलांना एक मोठं पाकीट पाठवलं. आत पत्र: तू अर्ज कर, प्रवेश मिळाला तर चार वर्षं तुझी फी शून्य, त्यासाठी मदतीचा कुठलाही फॉर्म भरायचा नाही. आईबापांना वेगळं पत्र, प्राचार्यांना वेगळं. पैसे साधारण तेच, जे नाहीतरी मिळालेच असते. ज्यांना पत्र गेलं नाही त्या मुलांतल्या शंभरातल्या २६ जणांनी अर्ज केले. ज्यांना गेलं त्यांच्यातल्या ६८ जणांनी. प्रत्यक्ष प्रवेश घेणारे शंभरात १२ होते ते २७ झाले.

मी हे वाचून रात्री बराच वेळ जागी होते. नवे पैसे फारसे घातलेच नाहीत त्यांनी. 'मिळतील' हा शब्द आधी नेला आणि 'भरा' हा शब्द काढून टाकला, बस.

दुसऱ्या दिवशी भाच्याला फोन केला तर तो म्हणाला, 'मावशी, तिकडचं इकडे नाही चालत, तिकडे विद्यापीठाकडे पैसा आहे.' खरं आहे त्याचं. आमच्या प्राचार्यांना मी सांगायला गेले तर त्यांनीही तेच म्हटलं, जरा सौम्य शब्दांत. शिष्यवृत्ती आमच्या हातात नाही, ती खात्याच्या हातात आहे, आणि आपण लेखी काही दिलं आणि उद्या आलं नाही तर? मी म्हटलं सर, तर मग निदान जे आपल्या हातात आहे तेवढंच लिहून देऊ. पहिल्या दिवशी किती घेणार, ते तर आपल्या हातात आहे ना?

ह्याच्यावर तीन मीटिंगा झाल्या. त्यांचं वर्णन करत नाही, ज्यांनी कॉलेजात नोकरी केलीये त्यांना माहीत आहे आणि ज्यांनी नाही त्यांनी सुखी राहावं. शेवटी एक पान तयार झालं. चार रंग नाहीत, झेरॉक्स. त्यात नॅक नाही, ग्रंथालय नाही. वर मुलाचं किंवा मुलीचं नाव हाताने लिहायला जागा, आणि खाली: प्रवेशाच्या दिवशी एवढे रुपये, त्याच्यावर काही नाही. पात्र असाल तर बाकीची रक्कम शिष्यवृत्ती येईपर्यंत मागितली जाणार नाही आणि त्यासाठी परीक्षेचा फॉर्म अडवला जाणार नाही. दाखले काढायला अमुक वारी अमुक शिक्षक सेतूत सोबत येतील. फॉर्म कॉलेजच्या लॅबमध्ये आम्ही भरून देऊ, नंबर मामाचा चालणार नाही. एसटीचा पहिल्या तीन महिन्यांचा पास शिक्षक निधीतून. ही शेवटची ओळ आमच्या गणिताच्या सरांनी घालायला लावली, आणि स्टाफरूममध्ये पैसे गोळा करायलाही तेच फिरले, एरवी चहाचे पैसे द्यायला खळखळ करणारा माणूस.

हे कागद घेऊन ह्या जूनमध्ये आम्ही निघालो. मी मुद्दाम त्याच वस्तीवर गेले. त्या मुलीची धाकटी बहीण बारावी झालेली. मोठी घरीच होती, मला बघून आत गेली, मग परत बाहेर आली आणि दाराला टेकून उभी राहिली.

मी आईच्या हातात कागद दिला. तिला वाचता येत नव्हतं, तिने तो धाकटीकडे दिला, धाकटीने मोठ्याने वाचला. स्वतःचं नाव वाचताना ती जरा अडखळली. वाचून झाल्यावर आईने कागद परत घेतला, उलटा करून बघितला, पुन्हा सुलटा केला.

'शिक्का कुठंय?'

मी म्हटलं, 'मावशी, सही आहे बघा खाली, प्राचार्यांची.'

'सही तर तलाठ्याची पण असती मॅडम. शिक्का पाहिजे.'

आता हसावं की रडावं. पण बाईचं काही चुकत नव्हतं. तिच्या अख्ख्या आयुष्यात जे कागद खरे निघाले त्यांच्यावर शिक्का होता. मी कागद परत घेतला, बावीस किलोमीटर मागे आले, ऑफिस बंद झालेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी शिपाईमामांनी कपाटातून गोल शिक्का काढला, पॅड वाळलेलं, त्याच्यावर थेंबभर पाणी टाकलं, आणि त्या एकाच नाही, वहीतल्या सगळ्या गावांच्या गठ्ठ्यांवर एकेक करून शिक्के मारले. मी शेजारी उभी राहून कागद पुढे सरकवत होते. मधेच ते म्हणाले, 'मॅडम, आधीच नाही का मारायचे?'

कागद घेऊन पुन्हा गेले तेव्हा आई शेतात होती. मोठीने घेतला. शिक्क्यावरून बोट फिरवलं, निळं बोटाला लागलं. मग ती आत गेली, ट्रंक उघडल्याचा आवाज आला, रेशनकार्डाची पिशवी तिथेच असते बहुतेक घरांत. बाहेर येऊन तिने विचारलं, 'मॅडम, मधे दोन वर्षं गेलेली चालतात का?'

मी पिशवीतून कोरा कागद काढला आणि तिचं नाव विचारलं. तसं ते मला माहीत होतं.